अंगावर पित्त उठते तेव्हा : एक संवाद

ज्या व्याधीने माणूस अंथरुणाला खिळत नाही, जिच्यापायी रजेचा अर्ज करावा तर वरिष्ठांना तो पटत नाही, आणि वैद्याच्या दारी पोहोचेपर्यंत जी अंगावरून पार नाहीशी झालेली असते, त्या व्याधीविषयी इतरांच्या मनात फारशी कणव उपजत नाही. अंगावर पित्त उठणे ही अशांपैकीच एक. दिवेलागणीच्या सुमारास मांडीवर, पोटावर किंवा धोतराची गाठ जेथे आवळली जाते त्या रेषेत खाज सुटते. खाजवावे तो तेथे लालसर काठाची आणि मध्यभागी फिकट अशी गांध उभी राहते. एकीला दुसरी भिडून तळहाताएवढा चट्टा होतो. आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला माणूस सकाळी आरशासमोर उभा राहिला, तर नखांच्या ओरखड्यांपलीकडे पुरावा म्हणून दाखवावे असे काही उरलेले नसते.

एखाद्या वेळी असे झाले तर कोणी त्याची दखल घेत नाही, आणि घेण्याचे विशेष कारणही नसते. चार-आठ दिवसांत ते आपोआप शमते. परंतु सहा आठवडे उलटले तरी हा प्रकार थांबत नाही, तेव्हा वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणू लागते, आणि रोग्याच्या मनाला दोन प्रश्न रात्रंदिवस छळू लागतात : हे कशाने होते, आणि औषधांच्या दुकानाची पायरी न चढता ते घरच्या घरी शमेल काय? या दोन प्रश्नांवर एका मामा-भाचीचा वाद मी समक्ष ऐकला. मामा तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून चाकरी करून निवृत्त झालेले, वेंगुर्ल्याकडच्या आपल्या गावी आंबा-कोकमांच्या राखणीत रमलेले. भाची मुंबईत त्वचारोगांवर उपचार करणारी. मामांच्या अंगावर दीडेक वर्ष पित्त उठत होते, आणि आयुष्यभर दप्तर सांभाळलेल्या माणसाने जे करावे तेच त्यांनी केले होते : जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत तारीख, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण, वारा-पाऊस, पित्त आणि कारण असे सहा रकाने आखून त्यांनी या व्याधीची रोजची नोंद ठेवली होती. पहिले पाच रकाने काठोकाठ भरलेले होते. सहाव्यात लिहिलेले आणि मग खोडलेले असे बरेच काही होते.

मामा : “कारणावाचून कार्य घडत नाही, हा माझा पक्ष आहे, आणि तो मी सोडणार नाही. सातबाऱ्यावर एखादे नाव चढले तर त्यामागे फेरफार असतो. फेरफारामागे कोणाची तरी वर्दी असते. मग माझ्या पाठीवर वीतभर चट्टा चढतो, त्यामागे काहीच नाही, हे मी कसे मानू? शहरातल्या एका डॉक्टराने दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली, ‘याला कारण नसते’ असे सांगितले, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले. माझी वही त्याने उघडूनसुद्धा पाहिली नाही.”

भाची : “वही न पाहता त्यांनी तसे म्हटले असेल, तर ते अयोग्यच झाले. ‘कारण नसते’ हे विधानही बरोबर नव्हे. कारण असतेच, पण ते पुष्कळदा शरीराच्या बाहेर नसते, इतकेच सांगावयास हवे होते, आणि तेही रोग्याची हकीकत साद्यंत ऐकून घेतल्यावर. आधी गांध उठते कशी, ते पाहू. आपल्या कातडीत रक्तवाहिन्यांच्या आसपास एक विशिष्ट प्रकारच्या पेशी असतात. १८७८ साली पॉल एर्लिख या जर्मन संशोधकाने आपल्या पदवीच्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले आणि त्यांना मास्ट पेशी हे नाव दिले. या पेशींत हिस्टामिन नावाचे द्रव्य साठवलेले असते. ते बाहेर पडले की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतले पाणी आजूबाजूला झिरपते, नसांची टोके चेतवली जातात, आणि तुम्ही खाजवू लागता. हात पुढे करा.”

मामांनी हात पुढे केला. तिने पेनच्या टोपणाचे बोथट टोक त्यांच्या पुढच्या बाहूवर जरा दाबून ओढले. क्षणभराने तेथे तांबडी रेघ उमटली, थोड्या वेळाने तिच्या दोहों अंगांस लाली पसरली; पण रेघ फुगून वर आली नाही आणि तिला खाजही सुटली नाही.

भाची : “लंडनच्या टॉमस लुईस यांनी हीच साधी क्रिया पुन्हा पुन्हा करून, १९२७ च्या आपल्या ग्रंथात या तिन्ही पायऱ्यांचे वर्णन केले : आधी रेघ, मग लाली, मग सूज. काही माणसांत एवढ्याशा ओरखड्यानेही दोरीसारखी गांध उठते आणि बराच वेळ राहते. तुमची तशी उठली नाही. म्हणजे घर्षणाने उठणारे पित्त आपण वगळले. कारण शोधण्यास माझा विरोध नाही, मामा. मी आत्ता तेच करते आहे.”

मला या बोलण्यातली निष्ठा भावली. जुनाट पित्ताच्या बाबतीत डॉक्टरांचे शास्त्र चुकत नाही, त्यांची घाई चुकते, असे माझे मत आहे. रोग्याला निदान ऐकण्याइतकीच आपले म्हणणे कोणीतरी ऐकून घेण्याची निकड असते; ती भागली नाही की तो आपला तपास आपणच हाती घेतो आणि मग कोठे थांबावे हे त्याला कळत नाही.

मामा : “बाहेरचे कारण नसते म्हणतेस, तर बांगड्याचे काय? तरुणपणी एका लग्नघरी दुपारच्या पंगतीत बांगड्याचे तिखले होते. आम्ही सात-आठ जण उठतो न उठतो तोच सगळ्यांची तोंडे लालबुंद, डोके ठणकू लागले, दोघांच्या अंगावर गांधी. तेव्हापासून बांगडा उष्ण, पित्तकारक, असे ठरवून मी त्याला शिवलो नाही. सातजणांची एकमुखी साक्ष खोटी कशी म्हणशील?”

भाची : “साक्ष खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खरा नाही. सातजणांना एकाच वेळी झाले, हीच त्यातली खूण. अमुक पदार्थ सोसत नाही हा एकेकट्या शरीराचा दोष असतो. एका पंगतीतल्या सगळ्यांना तो एकाच दुपारी जडत नाही. बांगडा, कुपा यांसारख्या तांबड्या मांसाच्या माशांत हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. मासा होडीतून उतरल्यावर बर्फात न घालता उन्हात राहिला, की त्यावरचे जंतू त्या हिस्टिडीनचे हिस्टामिन करतात, आणि एकदा ते तयार झाले की तुम्ही तिखले कितीही उकळा, तिरफळे कितीही घाला, ते नाश पावत नाही. तुमच्या कातडीतून जे द्रव्य बाहेर यावे लागते, तेच त्या दुपारी ताटातून आयते पोटात गेले. दोष बांगड्याचा नव्हे, तुमच्या प्रकृतीचा तर नव्हेच. तो टोपली किनाऱ्यावर उन्हात किती वेळ पडली होती त्याचा. इतकी वर्षे तुम्ही निष्कारण त्याच्याशी वैर धरले.”

मामा काही काळ बोलले नाहीत. किनाऱ्यावरच्या माणसाने बांगडा सोडणे म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला समजावून सांगणे कठीण आहे.

मामा : “मग खाण्याने पित्त उठतच नाही, असा तुझा सिद्धान्त?”

भाची : “उठते, पण त्याची चाल निराळी असते. १९२१ साली ब्रेस्लाऊ येथे प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोघा डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्युस्टनरना शिजवलेला मासा मुळीच सोसत नसे. त्यांच्या रक्तातला पातळ अंश प्राउस्निट्झ यांनी आपल्या स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. म्हणजे रक्तात असे काहीतरी होते की जे माशाला ओळखत होते. ते ‘काहीतरी’ हाती लागावयास मात्र १९६६-६७ साल उजाडावे लागले. आज त्याला आयजीई म्हणतात. अशा माणसाने तो पदार्थ खाल्ला की बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत पित्त उठते, आणि खाल्ला की पुन्हा उठते. त्याला वही लागत नाही. आठ-दहा दिवसांत गुन्हेगार त्याचा त्यालाच कळतो. तुमच्यासारखे महिनोन्‌महिने एकाआड एक दिवस उठणारे पित्त अन्नापोटी क्वचितच असते.”

मामा : “आणि हे?”

त्यांनी वहीच्या मागून एक घडी घातलेला कागद काढला. शहरातल्या एका प्रयोगशाळेने रक्त घेऊन शंभराहून अधिक पदार्थांची यादी दिली होती, आणि त्यांपैकी वीस-बावीस पदार्थांपुढे तांबड्या खुणा होत्या : तूर, दही, वांगे, शेंगदाणे, गहू, केळे, अंडे, कोळंबी. त्या कागदाच्या आधारे मामांनी एकेक पदार्थ ताटातून हद्दपार केला होता. आताशा ते भात, मुगाचे पाणी, दुधीभोपळा आणि पेज यांवर दिवस काढीत. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, हे माझ्याही नजरेतून सुटले नव्हते.

भाची : “या कागदावर आयजीईची मोजणी नाही, आयजीजी या निराळ्या जातीच्या प्रतिद्रव्यांची आहे. जो पदार्थ आपण नेहमी खातो आणि निमूट पचवतो, त्याच्याविरुद्ध आयजीजी निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतात. या खुणा तुमच्या सवयीच्या आहेत, रोगाच्या नव्हेत. तुम्हाला पित्ताने जेवढे कृश केले नाही तेवढे या कागदाने केले आहे, मामा. तूर सोडून किती महिने झाले?”

मामा : “गणपतीच्या आधीपासून.”

भाची : “आणि पित्त?”

मामा : “आहे तसेच.”

या एका प्रश्नोत्तरापुढे माझ्या मते बाकीचा युक्तिवाद फिका आहे. पथ्याने गुण आला नाही तर पथ्य मोडावे, हे तर्काला सरळ दिसते. परंतु व्यथित मनाचा तर्क उलट चालतो. पथ्याने गुण आला नाही, तेव्हा पथ्य अपुरे पडले असावे, असे त्याला वाटते, आणि तो आणखी एक पदार्थ सोडतो. या वाटेने गेलेली, रक्त कमी झालेली, दमून भागलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कोणी दोष देऊ नये, पण त्यांना कोणी तरी थांबवावे.

मामा : “तुझे आधुनिक शास्त्र बाजूला ठेव. माधवनिदानात शीतपित्ताचे प्रकरण आहे. गार वाऱ्याच्या स्पर्शाने कफ-वात प्रकुपित होतात, पित्ताशी मिसळून त्वचेत पसरतात, आणि गांधीलमाशी डसल्यासारखी सूज येते, खाज सुटते, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. आधी तहान, अरुची, मळमळ होते, हेही सांगितले आहे. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याला मास्ट पेशी ठाऊक नव्हत्या, तरी कारण ठाऊक होते.”

भाची : “त्यांच्या निरीक्षणापुढे मी हात जोडते. गार वाऱ्याने, गार पाण्याने उठणारे पित्त हा आजही स्वतंत्र प्रकार मानतात, आणि त्याची परीक्षाही सोपी आहे : बर्फाचा खडा पातळ पिशवीत घालून पाच मिनिटे हातावर ठेवायचा, काढायचा, आणि दहा मिनिटे वाट पाहायची. त्या जागी खड्याच्या आकाराची गांध उठली तर निदान पक्के. अशा माणसाने विहिरीत किंवा नदीत एकदम उडी घेऊ नये. सगळ्या अंगातून एकाच वेळी हिस्टामिन सुटून रक्तदाब कोसळतो आणि चांगला पोहणारा मनुष्यही पाण्यात बेशुद्ध होऊ शकतो. तुमची ही परीक्षा मी काल केली, ती निरंक निघाली. माधवकरांनी वर्णिलेला रोग खरा आहे. तो तुम्हाला झालेला नाही, इतकेच.”

मामा : “मग मला झाले आहे तरी काय?”

भाची : “बहुधा आपलेच आपल्याला बाधते आहे. काही रोग्यांच्या रक्तातला पातळ अंश त्यांच्याच कातडीत टोचला तर गांध उठते, असे पूर्वीच दिसून आले होते. १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. या रोग्यांचे शरीर मास्ट पेशींवरच्या ग्राहकांविरुद्धच प्रतिद्रव्ये तयार करते, आणि बाहेरून कोणीही न येता पेशी रिकाम्या होऊ लागतात. अशांपैकी पुष्कळांत थायरॉइड ग्रंथीविरुद्धही प्रतिद्रव्ये सापडतात; म्हणून थायरॉइडची तपासणी करावी, रक्तातल्या पेशींची मोजणी करावी, जंतांची शंका असेल तर शौचाची तपासणी करावी. एवढ्यावर थांबावे. गांध एका जागी चोवीस तासांहून अधिक राहिली, दुखू लागली, किंवा मागे काळसर डाग ठेवून गेली, तर मात्र तो निराळा रोग समजून कातडीचा तुकडा तपासावा लागतो. तुमच्या वहीप्रमाणे तसे कधी झालेले नाही.”

वही तिच्या मांडीवर होती. ती आता मागच्या पानांकडे वळली. तेथे मामांनी जमाखर्च मांडला होता, कारण एक वही दोन कामी आणणे ही त्यांची जुनी शिस्त. बाजाराच्या प्रत्येक दिवशी वांगी, मिरच्या, केरसुणी, चहापूड अशा बाबी होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटी एक बाब : गुडघ्याच्या गोळ्या.

भाची : “या कोणत्या गोळ्या?”

मामा : “बाजाराला चालत जावे लागते, गुडघे धरतात. दुकानदार देतो त्या. रात्री एक, सकाळी एक.”

भाची : “पुढच्या रकान्यांत त्यांची नोंद नाही.”

मामा : “तो आहार नव्हे.”

तिने पुढची पाने आणि मागची पाने तारीखवार ताडून पाहिली. बाजाराच्या रात्री आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पित्ताच्या रकान्यात ‘पाठ, दोन्ही बाहू, ओठ सुजला’ अशा लांब ओळी होत्या. इतर दिवशी ‘थोडे, मांडीवर’ एवढेच. बाजारातून वांगी येत, मासळीही येई, आणि मामांनी संशय त्यांच्यावर घेतला होता.

भाची : “आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या जातीची वेदनाशामके जुनाट पित्ताच्या अनेक रोग्यांत पित्त भडकवतात. ती रोग उत्पन्न करीत नाहीत. असलेल्या रोगाला चिथावणी देतात. त्यांच्याऐवजी पॅरासिटामोल बहुतेकांना सोसते. तुम्ही दीड वर्ष शोधलेले बाहेरचे कारण, निदान त्याचा एक अंश, तुमच्याच हस्ताक्षरात तुमच्याच वहीत होता. तुमची पद्धत बरोबर होती, मामा. एक रकाना कमी पडला.”

मामांनी वही परत घेतली आणि ती पाने स्वतः पुन्हा एकदा ताडून पाहिली. दुसऱ्याने केलेली बेरीज तपासल्याशिवाय सही न करण्याचा त्यांचा स्वभावच होता. मग ते उपचारांकडे वळले, आणि येथे त्यांचा आवाज अधिक ठाम झाला.

मामा : “कारणाचे राहू दे. आमसुलाचे काय? मध्यरात्री गांधी उठल्या की मी चार आमसुले वाटीभर पाण्यात कोळतो, ते पाणी अंगाला चोळतो, उरलेले साखर-जिरे घालून पितो. घटकाभरात आग शमते. माझ्या आईने हेच केले, तिच्या आईनेही हेच केले. कधी काव लावतो, कधी घोंगडी पांघरून स्वस्थ पडतो. या गोष्टी तुझ्या पुस्तकात नसतील.”

भाची : “आमसुलाचे पाणी मी तुम्हाला सोडायला सांगणार नाही. गार ओलावा अंगाला लागला की खाजेची जाणीव वाहून नेणाऱ्या नसा शांत होतात, हे पुस्तकातही आहे. गार वाऱ्या-पाण्याने ज्यांचे पित्त उठते त्यांनी तेवढे टाळावे. कडकडीत पाण्याने आंघोळ, घट्ट नाडी, मद्य, जागरण, मनस्ताप यांनी पित्त वाढते. सैल सुती कपड्याने, कोमट पाण्याने आराम पडतो. घोंगडीची लोकर मात्र मला पसंत नाही. खरखरीत कापडाने काहींचे पित्त अधिक उठते. काव लावा, पण ती जखमेवर जाऊ देऊ नका. आणि कोणी बिब्बा लावायला सांगितला तर त्याला दारातूनच परत पाठवा. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून निघते.”

मामा : “हरिद्राखंड?”

भाची : “जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने घ्यावयास माझी हरकत नाही, पण त्यात हळदीबरोबर साखरही भरपूर असते, आणि तुमच्या रक्तात ती आधीच काठावर आहे. माझी खरी काळजी गुळवेलीची आहे. तुम्ही रोज काढा घेता ना? ती प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून तिची कीर्ती. तुमच्या रोगात तर प्रतिकारशक्तीच नको तितकी चेतलेली आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रोग्यांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली.”

मामा : “आणि आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, तेही सांग. मी वर्तमानपत्र वाचतो. शेजारच्या वाडीतल्या बाईंचे तीन वर्षांचे पित्त गुळवेलीनेच गेले.”

भाची : “आक्षेप घेतला, हे खरे. बाईंचे पित्त गेले, हेही खरे. ते गुळवेलीने गेले, हे मी मानत नाही. या रोगाची रीतच अशी की सुमारे निम्म्या रोग्यांत तो वर्षभरात आपोआप शमतो, उरलेल्यांपैकी अनेकांत दोन-पाच वर्षांनी. जाताना त्या दिवशी हाती जे औषध असेल, त्याच्या नावावर यश जमा होते. कोणाला काढा, कोणाला अंगारा, कोणाला हवापालट.”

मामा : “हाच नियम तुझ्या गोळीला लाव.”

या प्रतिप्रश्नात जोर होता, आणि भाचीने तो टाळला नाही.

भाची : “लावते. गोळी रोगाचे मूळ उपटीत नाही, हे मी आधीच कबूल करते. १९३७ साली पॅरिसमध्ये दानिएल बोवे यांनी हिस्टामिनाला अडवणारे पहिले द्रव्य शोधले, त्याबद्दल १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून आजवरच्या गोळ्या एवढेच करतात : हिस्टामिन सुटले तरी त्याला कातडीत जागा मिळू देत नाहीत. म्हणून खाज सुटल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग थोडा. ती रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागते. पण तिची परीक्षा झालेली आहे. निम्म्या रोग्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला कोणती हे रोग्यालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. पोकळ गोळीनेही काहींचे पित्त कमी झाले. खऱ्या गोळीने त्याहून स्पष्टपणे अधिकांचे झाले. आमसुलाची, हरिद्राखंडाची अशीच परीक्षा व्हावी, असे मला मनापासून वाटते. गुण असेल तर तो सिद्ध होईल.”

मामा : “गोळीने झोप येते. जुनी घेतली होती. दुपारी खुर्चीतच डोळा लागे.”

भाची : “ती जुनी पिढी. आताच्या सहसा गुंगी आणीत नाहीत. नेहमीच्या मात्रेने भागले नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत वाढवता येतात, आणि तेवढ्यानेही शमले नाही तर ओमॅलिझुमॅब नावाचे इंजेक्शन आहे. ते महागडे आहे, पण ज्यांना लागू पडते त्यांची रात्र त्यांना परत मिळते. एक गोष्ट मात्र आमसुलावर किंवा गोळीवरही सोडायची नाही. तुमच्या वहीत ‘ओठ सुजला’ असे दोनदा आहे. उद्या जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास अडू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वही लिहीत बसू नका. मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. तेथे मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन देतात, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे, तेही मला दाखवा. एका जातीच्या गोळ्यांनी ओठ-जीभ सुजतात.”

गोळ्यांची पुडी आली. रक्तदाबाची गोळी त्या जातीची नव्हती. मग दोघांनी मिळून पुढील तीन महिन्यांची कलमे ठरवली, आणि मामांच्या आग्रहावरून ती वहीच्या कोऱ्या पानावर लिहिली गेली. दुखण्याची जुनी गोळी बंद, पित्ताची गोळी रोज रात्री, आमसूल पूर्ववत, औषधांचा सातवा रकाना आजपासून. वर्ज्य केलेले पदार्थ चार-चार दिवसांच्या अंतराने एकेक परत यावयाचे. पहिला मान कोणाला, यावर दोघांत थोडा विचार झाला. भाचीने तुरीचे नाव घेतले, कारण अंगात ताकद यावयास हवी. मामांनी बांगड्याचे घेतले. पहाटेच्या रांपणीचा, कल्ले तांबडे आणि डोळे चकचकीत असलेला, बंदरावरूनच बर्फात घालून आणलेला, या अटीवर ते मान्य झाले.

मामा : “आणि सहाव्या रकान्यात मी काय लिहू?”

भाची : “बाजाराच्या दिवसांचा जोर उतरला तर ‘वेदनाशामक गोळी’ असे लिहा. बाकीच्या दिवसांपुढे काही लिहू नका.”

मामा : “कोरा रकाना मी उभ्या चाकरीत सोडला नाही.”

भाची : “मग ‘चौकशी चालू’ लिहा. पण चौकशी चालू आहे म्हणून जेवण बंद ठेवू नका.”

हे त्यांनी मान्य केले. गुळवेलीविषयी मात्र दोघांचे एकमत झाले नाही. यकृताची तपासणी करून घेण्याचे मामांनी कबूल केले. काढा सोडण्याचे केले नाही, आणि तपासणीचा कागद येईपर्यंत तो प्रश्न तहकूब राहिला.